साबण कोणता?

थर पहिला

"त्वचेचे मुख्य थर तीन. वर एपिडर्मिस, तिच्याखाली डर्मिस आणि सगळ्यात खाली चरबीची गादी. आपला रोजचा संबंध येतो तो वरच्या थराशी. त्या वरच्या थराचेही पुन्हा थर आहेत, आणि त्यातला अगदी वरचा, ज्याला आपला हात लागतो, तो—"

खालून बेल वाजली. वाजली आणि वाजतच राहिली. कोणीतरी बटणावर बोट ठेवून तिथेच मुक्काम ठोकला होता.

"तो मेलेला असतो," मॅडमनी जिन्यात पाय ठेवता ठेवता वाक्य पुरं केलं आणि त्या खाली गेल्या.

वर मुली वह्या उघडून बसून राहिल्या. त्यातली एक, जिला सगळ्या खिदळी म्हणत, ती म्हणाली, "गिऱ्हाईक वाट बघून मेलं का गं?" उंच मुलीनं तिला कोपर मारलं. टेबलावर ठकूबाई डोळे मिटून पडली होती. ठकूबाई म्हणजे रबराचं डोकं. मुलींनी मसाजाचा हात बसवायचा तो तिच्या चेहऱ्यावर. तिला मान होती, कान होते, गाल चांगले भरलेले होते, आणि इतक्या बॅचेसचा मार खाऊनही तिच्या तोंडावरची सुरकुती हललेली नव्हती.

आता मॅडम म्हणजे कोण हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं उगाचच्या आरडाओरड्यासारखं वाटेल. औषधाच्या दुकानाला लागून, खाली पार्लर आणि वर वर्ग, एवढी त्यांची सत्ता. फेशियल करणाऱ्या त्या रस्त्यावर पुष्कळ होत्या. पण त्वचा वाचणारी एकच, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणत, आणि मॅडम काही ते खोडून काढत नसत. डोळे मिटायच्या, गालावरून दोन बोटं खालून वर न्यायच्या, आणि सांगायच्या: झोप होत नाही वाटतं. उशीची खोळ बदला. साबण कोणता वापरता? आणि ते बरोबर निघायचं. भिंगाचा दिवा होता, पण तो त्यांनी मुलींसाठी ठेवला होता. "डोळ्याला उजेड फसवतो," त्या म्हणायच्या, "बोटाला कोण फसवणार?"

म्हणून त्या हातमोजे घालत नसत. रबर चढवून त्वचा वाचायची म्हणजे रजई पांघरून अत्तर हुंगायचं, असं त्यांचं मत. मात्र उघड्या हाताचं व्रत घेतलं म्हणून स्वच्छतेत कसूर नको. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आधी आणि नंतर दवाखान्यातला तांबडा साबण, नखांचा ब्रश, कोपरापर्यंत कढत पाणी, वर स्पिरिट. मुली म्हणायच्या, मॅडम हात धुतात की ऑपरेशनला निघाल्यात. कोणी बोट दाखवावं अशी जागाच त्यांनी ठेवली नव्हती.

आणि अशा बाईच्या नशिबी हे आलं, की गेले काही महिने सगळ्या जगाची त्वचा एकदम बिघडली.

खाली चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई उभ्या होत्या. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. हनुवटी पुढे करून म्हणाल्या, "बघा. नीट बघा."

हनुवटीवर पुटकुळ्यांची रांग लागली होती.

"तुम्ही म्हणालात, वहिनी, तुमची त्वचा कोरडी झालीय, जाड क्रीम लावा. लावलं. आता हे काय? माझी लेक म्हणते, आई, या वयात तुला कॉलेजात नाव घालायचंय का?"

मॅडमनी डोळे मिटले, बोटं फिरवली. लागलंच बोटाला. खरखर. बारीक, कोरडी, अडकणारी खरखर. "कोरडीच आहे," त्या म्हणाल्या.

"अहो, माझ्या उशीवर सकाळी तेलाचा डाग असतो! एक दिवा रात्रभर जळेल एवढं तेल आहे माझ्या कपाळात."

"तेल वेगळं, पाणी वेगळं. वर तेल सुटतं आणि आत पाणी कमी असतं, असं होतं. दोन्ही एकदम होतं. साबण कोणता वापरता?"

"तुम्हीच दिलेला!"

मॅडमनी स्वतःच्या कपाळाला हात लावला. तेही खरखरीतच लागलं. त्यांनी फोन काढला, क्रीमच्या एजंटाला चार शब्द सुनवावेत म्हणून. अंगठा लावला. फोन उघडला नाही. दुसरं बोट लावलं. नाही. गेले कित्येक दिवस हा फोन त्यांच्या बोटांना ओळख देत नव्हता; दुरुस्तीवाल्याकडे दोनदा जाऊन त्यांनी त्याला उभा-आडवा घेतला होता आणि त्यानं दोन्ही वेळा स्वतःचं बोट लावून "बघा, चालतोय की" म्हणून फोन परत दिला होता. आकडे दाबून त्यांनी तो उघडला. एजंटाला सांगितलं, तुमची क्रीम भुशाची आहे. त्याच दमात धोब्याला सांगितलं, टॉवेलात पावडर राहते. टाकी धुवायला माणूस आधीच येऊन गेला होता. नळाला गाळणी बसवून झाली होती. पाणी बदललं, टॉवेल बदलले, क्रीम तीनदा बदलली, आणि गालांना काही फरक पडेना. जो गाल हाताखाली येईल तो कोरडा. काय चाललंय काय या लोकांचं? घासतात, खरवडतात, मोबाइलमध्ये बघून चेहऱ्याला काहीबाही फासतात, आणि मग निस्तरायला मॅडम!

थर पहिला, पुन्हा

"हे बघ, त्वचेचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत समज. विटा म्हणजे मेलेल्या पेशी. विटांच्या मध्ये चुना असतो, चरबीचा. साबणानं हा चुना विरघळतो. मोठ्या माणसाचा विरघळतो, मग हे तर चार महिन्यांचं लेकरू. हिच्या भिंतीचं बांधकाम अजून—"

"सूनबाई, पाणी तापलंय," आतून विहीणबाईंचा आवाज आला.

मॅडमच्या लेकीच्या घरी हे चाललं होतं, त्याच दिवशी संध्याकाळी. मांडीवर नात. नातीच्या गालावर मॅडमचं बोट. आणि बोटाला, देवा रे, तीच खरखर. गिऱ्हाइकांचं एक वेळ ठीक. ती येतात, जातात, पैसे देतात, ऐकत नाहीत. पण हे तर घरचं लेकरू. मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खांद्यावर छोटा टॉवेल, हातात तेलाची बाटली, बाह्या वर केलेल्या. बाळाची आंघोळ त्यांच्याकडे होती, पहिल्या दिवसापासून. ती वेळ त्यांची. त्या वेळी त्या गाणं म्हणत, बाळाशी गप्पा मारत, आणि दिवसभर ज्या दुखऱ्या पाठीबद्दल कुरकुर करत तिचं तेवढा वेळ नावही काढत नसत.

"विहीणबाई," मॅडम म्हणाल्या, "राग मानू नका. बाळाला साबण कोणता लावता?"

"बाळाचाच. का हो?"

"पाणी फार कढत असेल. किंवा टॉवेलानं घासता. त्वचा बघा कशी झालीय, सगळी कोरडी. हात लावा ना, लागतंय बोटाला."

विहीणबाईंनी हात लावला. गालाला लावला, दंडाला लावला, पोटाला लावला. बाळ हसलं. "मला तर नाही लागत काही. चांगली मऊ आहे."

"तुम्हाला नाही लागायचं."

"ते का?"

इथे मॅडम थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण दिवसभर साऱ्या जगानं छळलेलं माणूस थांबतं कुठे? "कामाच्या हातांचं असंच असतं हो," त्या म्हणाल्या. "धुणी-भांडी, साबण, सोडा. बोटं राठ होतात. मग नाजूक काही कळत नाही त्यांना."

विहीणबाईंनी आपल्या हातांकडे बघितलं. उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. मग तेलाची बाटली टेबलावर ठेवली, तीसुद्धा आवाज न करता, आणि आत निघून गेल्या. आत पाण्याच्या टबात काहीतरी धपकन पडलं, नाहीतर टाकलं गेलं.

"आई," लेक म्हणाली, "तुला काही गरज होती?"

"खरं बोलायला गरज कसली लागते?"

"खरं आहे ना पण? तेवढं सांग मला. नक्की?" लेकीचा आवाज खाली आला. "कारण मी एकदा त्यांना म्हटलं ना, की आंघोळ घालू नका, तर ते मग परत जोडता येणार नाही. तू जाशील तुझ्या घरी. मला इथे राहायचंय."

"माझ्या बोटांवर विश्वास नाही तुझा?"

"आहे गं. तोच तर वैताग आहे," लेक म्हणाली. "लहानपणापासून आहे. तू म्हणायचीस ताप आहे, तर असायचा. ठीक आहे. उद्या संध्याकाळी सांगते त्यांना. परवापासून मी घालीन आंघोळ."

मॅडम घरी निघाल्या तेव्हा विहीणबाईंनी चहा पाठवला, स्वतः आल्या नाहीत. चहाचा कप मॅडमनी घेतला तर कानाला, म्हणजे कपाच्या कानाला, खरखर. काय हे, कपही स्वस्तातले घेतात.

थर पहिला, तिसऱ्यांदा

"तर. त्वचेचे मुख्य थर तीन. वर एपिडर्मिस— अगं, मागे कुजबुज बंद करा. आज थर राहू देत. आज प्रात्यक्षिक."

प्रत्येक बॅचला एकदा मॅडम हे करून दाखवत. आपल्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, पलंगावर एकेकीनं येऊन झोपायचं, आणि मॅडमनी नुसत्या बोटांनी त्वचा वाचायची. यावरच तर मुली प्रवेश घेत. बाहेर जाऊन सांगत, आमच्या मॅडम आंधळ्या झाल्या तरी पार्लर चालवतील.

कुजबुज कसली चालली होती? साधी गोष्ट. मुलींना मॅडमची दया आली होती. आठवडाभर मॅडम हसल्या नव्हत्या. उंच मुलीला साबण बंद, दुसरीला टोनर बंद, तिसरीला पंख्याखाली बसायचं बंद. मॅडमचं सगळ्यांना सगळं बंद करून झालं होतं. खिदळीनं ठरवलं, आज मॅडमना हसवायचं.

उंच मुलगी झोपली. मॅडमची बोटं तिच्या गालावरून वर गेली. "कोरडी. सांगितलं होतं ना साबण बंद कर?"

"केलाय, मॅडम."

"केलाय म्हणे! पुढची."

पुढची आली. "कोरडी. नाकाच्या बाजूला जास्त. पुढची."

पुढची पाळी खिदळीची. ती पलंगापाशी आली, पण झोपली नाही. तिनं गरम टॉवेलात गुंडाळून ऊबदार केलेली ठकूबाई उशीवर ठेवली, गळ्याखाली चादर नीट ओढली, आणि पाय न वाजवता बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. तोंडात रुमाल कोंबून. बाकीच्यांनीही आपापली तोंडं दाबून धरली होती. आता मॅडमचं बोट लागेल, मॅडम ओरडतील, "कोण गं ती वात्रट," आणि मग हसतील.

मॅडमचं बोट लागलं.

"हं," मॅडम म्हणाल्या. आणि दुसऱ्यांदा बोटं फिरवली, सावकाश. "हं. सगळ्या जवळ या. ही बघा, ही खरी केस. आतापर्यंतच्या दोघी काहीच नाहीत. इथे, या गालावर, बोट सरकतच नाही, अडकतंय. वरच्या थराच्या कडा उचकटल्या आहेत. भिंतीचा चुना पार गेलाय. याच्यावर आता तुम्ही कितीही भारी क्रीम लावा, टिकणार नाही. फुटक्या मडक्यात पाणी भरल्यासारखं. आणि हे आजारानं झालेलं नाही बरं का. हा हातानं केलेला सत्यानाश आहे. घासून घासून केलेला." त्या खाली वाकल्या. आवाज मऊ केला. "साबण कोणता वापरतेस गं?"

उत्तर नाही.

"सांग ना. लाजायचं काय त्यात? आपण शिकायलाच आलोय."

"मॅडम," खिदळी म्हणाली. बेसिनपासून.

"तू तिकडे काय करतेस?"

मॅडमचं बोट उशीवरच्या गालावर थांबलं.

"तू तिकडे, तर मग इथे कोण आहे?"

मॅडमनी डोळ्यांवरचा टॉवेल सोडला. उशीवर ठकूबाई. गाल भरलेले, डोळे मिटलेले, कानामागे कंपनीचा शिक्का.

कोणीही हसलं नाही. हसल्या असत्या तर किती सोपं झालं असतं. मॅडम ओरडल्या असत्या, चार दिवस वर्गात येऊ नका म्हणाल्या असत्या, आणि सगळं जागच्या जागी राहिलं असतं. खिदळीच्या हातातला रुमाल खाली पडला आणि तो उचलायचं धाडसही तिला होईना.

"सुट्टी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, सॉरी, आम्ही नुसतं..."

"सुट्टी म्हटलं ना? मराठी कळतं की तेही बंद करू?"

चपलांचे आवाज जिन्यावरून उतरले. मॅडम आणि ठकूबाई, दोघीच राहिल्या.

थर पहिला: हाताला काय काय लागलं

ठकूबाईचा दुसरा गाल. खरखरीत.

फळा. फळा असतोच खरखरीत, तो सोडून द्या.

आरसा. आरशावरून बोट फिरवलं. काच ती काच. तीही खरखरीत, आणि कोरडी, आणि तिलाही जाड क्रीम लिहून द्यावी अशी.

स्टीलचा चमचा, क्रीम काढायचा. अडकला.

रेशमी ओढणी, कोणीतरी घाईत विसरून गेलेली. तिला बोट लावलं तर बोटाबरोबर धागा उठून आला.

शेवटी मॅडम भिंगाच्या दिव्यापाशी गेल्या. तो दिवा इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाकांवर, हनुवट्यांवर वाकला होता. त्यांनी त्याची मान आपल्याकडे वळवली, बटण दाबलं, आणि खाली आपली बोटं धरली.

बोटांवरच्या रेषा होत्या कुठे? जिथे रेषांची चक्रं असायला हवीत तिथे पांढुरकी सालं. कडा उचकटलेल्या. पेरांपाशी आडव्या बारीक चिरा, दोन तर लाल. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला साल काढायचं पील लावताना बोटं झोंबायची, ते आठवलं. झोंबतंय म्हणजे माल ताजा आहे, असं त्या म्हणत आल्या होत्या. फोन आठवला. बिचारा फोन. बिचारा दुरुस्तीवाला.

आणि मॅडमना राग आला. रडू नाही, राग. कारण हे त्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे? दर बॅचला, तळहाताच्या धड्यात, त्याच सांगत: तळहात आणि तळपाय, इथली त्वचा सगळ्यात जाड, इथे एक थर जास्त, आणि म्हणून लोक समजतात की इथे काही होत नाही. पण मुलींनो, साऱ्या अंगावर तेलाच्या ग्रंथी आहेत, या दोन जागी एकही नाही. एकही! इथला चुना धुतला गेला तर वरून लावायला आतून काही येत नाही. लिहून घ्या.

मुली लिहून घेत. आणि मॅडम धडा संपवून हात धुवायला जात. तांबड्या साबणानं. ब्रशनं.

"गाढव," मॅडम म्हणाल्या. ठकूबाईला नव्हे.

मग त्यांनी एकदम घड्याळाकडे बघितलं. साबण, धोबी, एजंट, वहिनींच्या पुटकुळ्या, हे सगळं नंतर. आज संध्याकाळ. लेक आज संध्याकाळी सांगणार होती. त्यांनी फोन काढला, अंगठा लावला. फोननं ओळख दिली नाही. "नको देऊस, बरोबर आहे तुझं," असं म्हणून त्यांनी आकडे दाबले. लेकीनं फोन उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. त्यांनी ठकूबाईवर चादर ओढली आणि दिवा तसाच चालू ठेवून जिना उतरल्या.

थर पहिला, शेवटचा

दार लेकीनं उघडलं. चेहऱ्यावरूनच कळलं.

"सांगितलंस?"

"दुपारीच सांगितलं. म्हटलं, संध्याकाळपर्यंत कोण कुढत बसणार." लेकीचे डोळे सुजले होते. "काही बोलल्या नाहीत गं. भांडल्या असत्या तर परवडलं असतं."

आत विहीणबाई पलंगावर बसल्या होत्या. समोर टेबलावर सगळं मांडून ठेवलं होतं: टब पुसून कोरडा केलेला, त्यात घडी घातलेला छोटा टॉवेल, साबणाची वडी, तेलाची बाटली. बाळ बाजूला, हातपाय झाडत.

"या," त्या म्हणाल्या. "सगळं इथे आहे. टबाला एका बाजूला धार आहे, तिथे कापड लावायचं. कान पुसताना रडते, तेव्हा गाणं म्हणावं लागतं. कोणतंही चालतं."

"विहीणबाई, मी काय म्हणते..."

"तुम्ही काल म्हणालात ते पुरे झालं."

मॅडम बाळाजवळ बसल्या. हात पुढे केला आणि मागे घेतला. बोटं आता चालणार नव्हती. त्यांनी खाली वाकून आपला गाल बाळाच्या गालाला लावला. मग मनगटाची आतली बाजू, जिथे त्वचा पातळ असते आणि जिथे साबणाचा ब्रश कधी पोचला नव्हता, ती बाळाच्या पोटाला लावली, दंडाला लावली, मांडीला लावली.

मऊ. सायीसारखी मऊ. बाळाला गुदगुल्या झाल्या, त्यानं मॅडमच्या केसांची बट धरली आणि सोडेना.

"मऊ आहे," बट धरलेल्या अवस्थेत, वाकूनच, मॅडम म्हणाल्या.

"काल कोरडी होती," विहीणबाई म्हणाल्या.

"काल कोरडी होती ती मी."

"आई, काय बोलतेस?" लेक म्हणाली.

मॅडमनी हळूच बट सोडवून घेतली आणि दोन्ही हात विहीणबाईंसमोर पालथे केले, मग उताणे. रबराच्या डोक्याची गोष्टही सांगितली. पूर्ण सांगितली, साबण कोणता वापरतेस गं, इथपर्यंत. सांगताना त्यांनी छताकडे बघितलं.

लेक आधी हसली. मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे मी त्यांना... आई! तुझ्यामुळे मी त्यांना... कमाल आहे तुझी! नक्की का म्हणून विचारलं होतं मी तुला!"

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा शोधला. चष्मा डोक्यावरच होता. तो डोळ्यांवर आणला, मॅडमचे हात आपल्या हातांत घेतले, खिडकीकडे वळवले, आणि एकेक बोट असं बघितलं जसं भाजीवाल्याकडे भेंडी बघतात. बराच वेळ बघितलं. मॅडमना ती त्यांची बोटं जाणवत होती, मनगटापाशी. राठ नव्हती. कोण म्हणालं होतं राठ?

मग विहीणबाईंनी मान वर केली.

"साबण कोणता वापरता?"

मॅडमनी सांगितलं.

"दवाखान्यातला? रोज?"

"प्रत्येक गिऱ्हाइकाला. आधी आणि नंतर."

"आणि हातमोजे?"

"घालत नाही."

"का?"

"घातले की काही कळत नाही म्हणून."

"आणि आता कळतं?"

लेकीनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"सूनबाई, हसू नका. व्हॅसलीनची डबी आणा. आणि माझ्या मुलाचे सुती मोजे आणा, पायातले, धुतलेले. हातातले मोजे या घरात नाहीत, असते तरी यांना चालले नसते." विहीणबाईंनी व्हॅसलीनचा मोठा गोळा काढला आणि मॅडमच्या बोटांना चोपडायला सुरुवात केली, बाळाला तेल लावतात तसं, पेर न पेर. चिरांना लागलं तेव्हा मॅडमनी 'स्स' केलं. "झोंबतंय? झोंबू दे. सांभाळून घ्या हो, धुण्या-भांड्याची बोटं आहेत माझी."

"मी तसं म्हणायला नको होतं."

"नको होतं. काम कधी सुरू करणार?"

"महिना तरी थांबायला लागेल. वरचा थर नवा यायला तेवढा वेळ घेतो. चिरा भरायला कदाचित जास्तच. मुली हात लावतील, मी नुसती बघणार. भिंगातून." हे बोलताना मॅडमना स्वतःचाच वैताग आला. "तो चष्म्यावाल्या वहिनींचा चेहरा आधी निस्तरायचाय. त्या मला सोडणार नाहीत. सोडूही नये."

विहीणबाईंनी एक मोजा चढवला. निळा, जावयाचा. मग दुसरा. दोन्ही हात मोज्यांत गेल्यावर मॅडम कठपुतळ्या दाखवायला आल्यासारख्या दिसू लागल्या. बाळानं ते बघून जोरात पाय झाडले.

"परत कळेल का हो?" विहीणबाईंनी विचारलं, एकदम, दुसरीकडे बघत. "बोटांना. पहिल्यासारखं."

मॅडमना तोच प्रश्न दुपारपासून पडला होता, आणि त्याचं उत्तर त्यांना पाठ होतं. फक्त आजवर ते स्वतःसाठी म्हणून पाहिलं नव्हतं. "कळायला हवं. स्पर्श कळतो तो वरच्या थरात नसतोच मुळी. वरचा नुसती भिंत आहे. कळण्याच्या बारीक गाठी असतात त्या खाली, दुसऱ्या थराच्या अगदी तोंडाशी. तिथपर्यंत साबण काही पोचलेला नाही. म्हणजे असं बघा, तो जो दुसरा थर आहे, डर्मिस, त्याच्यात..." मोज्यातला हात वर गेला, खडू धरल्यासारखा.

"पुरे," विहीणबाई म्हणाल्या. टब उचलून त्यांनी काखेत मारला, बाळाला खांद्यावर घेतलं आणि दाराकडे निघाल्या. "आधी पहिला बरा होऊ द्या. आणि नुसत्या बसू नका, या आत. पाणी किती कढत आहे ते बघायचंय."

"मी? कशानं?"

"कोपरानं," विहीणबाई म्हणाल्या. "तेवढं तरी धुवून घालवलं नाहीत ना?"

मॅडमनी बाही वर केली. कोपर चांगलं होतं.